पांढरी अंगठी आणि थरथरतं अक्षर

१

जिन्याच्या सातव्या पायरीवरच चोमडीला कळलं, की वर काहीतरी बिनसलंय. एरवी या पायरीवर मशीनचा खडखडाट कानात शिरायचा आणि त्यावर मास्तरांचा खोकला. आज वर नुसती शांतता होती, आणि तीही ताप उतरल्यावरची नव्हे, ताप चढण्याआधीची.

चोमडीचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर होतं. बाकी साऱ्या जगात ती चोमडीच. वय पंधरा, नाक लांब, आणि ते जिथे तिथे खुपसायची सवय. शाळा सुटली की ती मावशीच्या शिवणखोलीत यायची, कारण ती राहायचीच मावशी आणि काकांकडे.

दार उघडलं, तर खोलीच्या मधोमध मालकीणबाई तळहात पसरून उभ्या. तळहातावर एक अंगठी.

"आलीस? तूही बघ तुझ्या मावशीचे प्रताप! माझ्या आईची अंगठी, अस्सल सहा ग्रॅम सोन्याची. बशीत ठेवली तेव्हा पिवळी होती. आता बघ, चांदीची!"

या खोलीत फक्त पांढऱ्या रेशमाचं काम चाले. गाणाऱ्या चमूंचे झगे, नाटकातले पोशाख, सगळं दुधासारखं पांढरं. रेशमाला धूळ चालत नाही, म्हणून खिडक्यांच्या फटींना कागदी पट्ट्या चिकटवलेल्या. रेशमाला अंगठीही चालत नाही, धागा ओढला जातो. म्हणून आत आलं की सगळ्यांनी अंगठ्या काढून इस्त्रीच्या टेबलावरच्या बशीत ठेवायच्या, हा नियम. मालकीणबाई बाहेरच्या खोलीत बसत, पण माल तपासायला आत आल्या की त्यासुद्धा ठेवत.

दहा दिवसांपूर्वी ती बशी कलंडली. अंगठ्या जमिनीवर घरंगळल्या. सगळ्यांच्या सापडल्या, मालकीणबाईंची तेवढी नाही. आणि आज काजवाली आजी लाकडी फळ्यांच्या फटीतून टाचण्या काढत होती, तेव्हा तिच्या आकड्याला अंगठी लागली. पांढरीफटक!

"काय हुबेहूब घडवलीय हो! आतली दोन अक्षरं तीच, कडेचा पोचा तोच. असली नक्कल कोण करू शकतं? या खोलीत कुणाचा नवरा सोनार आहे?"

सगळ्यांच्या माना मावशीकडे वळल्या.

आता ही मावशी म्हणजे कोण? एका दमात अख्ख्या गल्लीला गप्प करणारी बाई. पण ती लालबुंद झाली, खाली बघू लागली, आणि तिच्या हातातली कात्री टेबलावर टकटक टकटक वाजू लागली. हात कापत होते.

"बघा," मालकीणबाई म्हणाल्या, "चोराच्या मनात चांदणं! शनिवारी संध्याकाळपर्यंत माझं सोनं या बशीत आलं तर ठीक. नाहीतर मी पोलिसांत जाईन, आणि तुझ्या नवऱ्याच्या दुकानासमोर उभी राहून गावभर सांगेन. सोनाराची अब्रू गेली की दुकान गेलं, समजलीस?"

"मग काकांनाच दाखवा ना अंगठी!" चोमडी म्हणाली. "त्यांना एका नजरेत कळेल."

"वा गं वा! चोराच्याच हाती किल्ली देऊ?"

मावशीनं चोमडीचा हात धरला. तिची बोटं बर्फासारखी गार होती. "काकांना यातलं काही सांगायचं नाही," ती पुटपुटली. "शपथ आहे तुला."

का नाही? चोमडीच्या लांब नाकाला तिथे पहिल्यांदा वास लागला.

२

शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती थेट मास्तरांपुढे उभी राहिली. मास्तर म्हणजे कापड बेतणारे. त्यांचं उंच टेबल खिडकीपाशी होतं, आणि ते दिवसभर उभ्यानंच काम करत.

"मास्तर, तुम्ही तासातासाला बाहेर जाता. कुठे?"

"विडी ओढायला. रेशमाजवळ धूर नको म्हणून गच्चीवर. काय गं, पोलिसात भरती झालीस?"

"पाच मिनिटांची विडी वीस मिनिटं पुरते?"

"अगं, खाली उतरवत नाही परत," मास्तर हळूच म्हणाले. "खरं सांगू? या खोलीत हल्ली जीव रमत नाही. तुझी मावशी आधी काय बोलायची! आता तिच्याकडे नुसतं बघितलं तरी सुई टाकून उठते. मध्ये विचारलं, बरं नाही का? तर ढसाढसा रडली. कारण काही नाही. सहा महिन्यांत बाई पार बदलली."

"सहा महिन्यांपूर्वी काय झालं होतं?"

"काही नाही बुवा. मला बेतायला उजेड पुरेना, म्हणून मी खिडकीशी आलो आणि इस्त्रीचं टेबल माझ्या जुन्या कोपऱ्यात गेलं. तिथे मी चार वर्षं होतो. मला काही झालं नाही."

इस्त्रीचं टेबल म्हणजे मावशीचं. शिवून झालेला प्रत्येक झगा तिच्याच हाताखालून जायचा. दिवसभर इस्त्रीची धग, वाफ, आणि खालच्या फळ्यासुद्धा पायाला कोमट लागायच्या. त्या उबेसाठीच काजवाली आजी टेबलाच्या पायाशी चटई टाकून बसायची, काजं करायची, बटणं लावायची.

"आजी, अंगठी कुठल्या फटीत मिळाली?"

"या इथल्या, बुडाखालच्या." आजीनं दात दाखवले. हिरड्यांतून रक्त येत होतं. "टाचण्या लोहचुंबकाला चिकटून येतात. ही येईना, म्हणून आकडा घातला. बाहेर काढली तर अशी. मी तर लगेच ओळखलं, कुणाचं काम ते."

"कुणाचं?"

आजीनं आवाज इतका खाली आणला, की चोमडीला जवळजवळ चटईवर लोळण घ्यावी लागली.

"यंत्रवाल्याचं. या खोलीत आधी तो असायचा. हवामानवाल्यांची, डॉक्टरांची काचेची यंत्रं दुरुस्त करायचा. चांगला माणूस. मग हळूहळू थरथरायला लागला. लोकांपासून लपायचा. भिंतीशी बोलायचा. इथेच, या कोपऱ्यात गेला. लोक म्हणतात तो वेडा होता. मी म्हणते तो अजून आहे. तो रंग खातो, पोरी. आधी माणसाच्या गालांचा खाल्ला, आता सोन्याचा." तिनं ओठ पुसले. "आणि तोंडात सारखी नाणं चोखल्यासारखी चव ठेवून जातो."

चोमडी हसणार होती. पण मान वर केली, तर टेबलाशी उभी असलेली मावशी आजीकडे डोळे विस्फारून बघत होती, आणि तिची जीभ ओठांवरून फिरत होती. कसलीतरी नकोशी चव पुसून काढावी तशी.

३

त्याच संध्याकाळी मालकीणबाईंनी मावशीला मापांची वही आणायला बाहेर बोलावलं. चोमडी तेवढ्यात इस्त्रीच्या टेबलामागे शिरली. चोर पळतो तो भिंतीकडून, असं तिचं एक मत होतं. त्याला काही आधार नव्हता, पण मत होतं.

चोर नव्हता. सहा महिन्यांच्या वाफेनं भिंतीवरचा जुना कागद सुटून लोंबत होता. तिनं तो उचलला. खाली पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. ओळीखाली ओळ.

वरच्या ओळी ठळक, सरळ. रोजची तारीख आणि हवेच्या दाबाचे आकडे. मग अक्षर बारीक होत गेलेलं. रेघा नागमोडी. आकड्यांच्या मधेमधे शब्द यायला लागले होते.

झोप नाही.

तोंडात नाण्याची चव.

कुणी बघत असलं की हात जास्त हलतो.

सगळ्यात खाली, मुंग्यांच्या रांगेसारख्या अक्षरांत:

खाली काहीतरी हलतंय. कुणाला दिसत नाही.

तेवढ्यात मावशी वही टेबलावर टाकून परत बाहेर गेली, आणि वही नेमकी उघडी पडली. झग्यांची मापं. छाती, कंबर, उंची. सहा महिन्यांपूर्वीच्या पानावर मावशीचं नेहमीचं टपोरं, गोल, भांडखोर अक्षर. चोमडी पानं उलटत गेली. अक्षर बारीक झालं. मग नागमोडी. कालच्या पानावर मुंग्यांची रांग होती.

तिनं वही उचलून भिंतीला टेकवली.

तेच अक्षर! कित्येक वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या अक्षरात तिची मावशी मापं लिहीत होती.

४

शनिवारी सकाळी काका दुकान उघडायला गेले आणि मावशी न्हाणीत. चोमडी मावशीच्या कपाटासमोर उभी होती. लाज वाटत होती, खोटं कशाला बोला. पण 'काकांना सांगू नकोस' हे वाक्य रात्रभर डासासारखं कानाशी गुणगुणलं होतं.

साड्यांच्या खाली लोकरीच्या मोज्यात काहीतरी टणक लागलं. तिनं मोजा उलटा केला.

अंगठी.

म्हणजे खरंच? मावशी?

"मिळालं?" मागून आवाज आला. मावशी दारात, केसांतून पाणी गळतंय. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसतीच खाली बसली.

"नीट बघ. माझी आहे. लग्नात यांनी स्वतः घडवून दिलेली."

चोमडीनं ती उजेडात धरली. अर्धी अंगठी पिवळी होती. उरलेल्या अर्ध्या भागावर पांढरा डाग चढला होता, कोड फुटल्यासारखा.

"बशी पडली तेव्हा हीसुद्धा त्याच फटीपाशी गेली होती. लगेच उचलली. संध्याकाळी बघते तर ही अशी! घासली, धुतली, जाईना." मावशीचा आवाज चिरकला. "यांच्या हातची अंगठी पांढरी पडली गं. यांचंच काही वाईट होणार असेल तर? कसं दाखवू त्यांना? आणि माझं डोकं ठिकाणावर नाही, ते मला कळतंय. झोप नाही, हात माझे राहिले नाहीत. टेबलामागच्या भिंतीवर त्या मेलेल्या माणसाचं अक्षर बघितलंय मी, आता माझंही तसंच झालंय; तो माझ्या आत शिरलाय. मला कामावरून काढतील याची भीती नाही. मी वेडी होऊन त्याच कोपऱ्यात मरेन याची आहे."

चोमडीनं तिला घट्ट मिठी मारली. मावशीचं सगळं अंग बारीक थरथरत होतं, मशीनचं चाक फिरत ठेवून पायडल सोडून द्यावं तसं.

पण मिठी मारतानाही चोमडीचं नाक काम करत होतं. आपलीच अंगठी कोण बिघडवेल? चोर तर नक्कीच नाही. आणि संध्याकाळच्या आत, एकच बाजू पांढरी करून देणारा सोनार या जगात कुठे आहे?

५

शनिवारची शाळा दुपारपर्यंतच होती. ती आधी काकांच्या दुकानावर गेली. शपथ मोडायची नव्हती, म्हणून तिनं फक्त गणित विचारलं.

"काका, सहा ग्रॅमची सोन्याची अंगठी तशीच्या तशी चांदीत घडवली तर किती भरेल?"

"साडेतीन. सोनं जड असतं गं, चांदी त्यापुढे कापूस. का? लग्न ठरलं की काय तुझं?"

"तुमचीच बला टळेल म्हणून करत नाही मी लग्न!" असं म्हणून ती पळाली.

शिवणखोलीत मोती आणि टिकल्या तोलायला एक नाजूक तराजू होता. चोमडीनं तो मालकीणबाईंपुढे ठेवला.

"अंगठीची पावती आहे ना तुमच्याकडे? वजन किती लिहिलंय?"

"सहा ग्रॅम. डबीत जपून ठेवलीय मी पावती. चोरांसाठीच!"

"मग ही चांदीची तोला. तुमच्याच हातानं."

मालकीणबाईंनी नाक मुरडत अंगठी पारड्यात टाकली. सहाचं वजन दुसरीकडे ठेवलं. सगळे वाकून बघू लागले.

अंगठीचं पारडं खाली गेलं.

"साडेतीन भरायला हवी होती," चोमडी म्हणाली. तिचा स्वतःचाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "ही सोन्याहून जड आहे. म्हणजे चोरानं सोनं नेलं आणि त्याहून जड काहीतरी ठेवून गेला? सोन्याहून जड आणि पांढरा असा दागिन्यातला एकच धातू आहे, प्लॅटिनम, आणि त्याची अंगठी कुणी चोरीपायी फुकट देत नसतं. असा दानशूर चोर असेल, तर माझ्याही घरी पाठवा!"

मास्तर फिसकन हसले. मालकीणबाईंनी त्यांच्याकडे डोळे वटारले.

आणि तेवढ्यात वीज गेली.

बंद खिडक्यांवर पांढऱ्या रेशमाचे पडदे. भर दुपारी खोली करडी झाली. टांगलेले झगे डोकं नसलेल्या माणसांसारखे स्तब्ध उभे. आजी घाईघाईनं पाय जवळ घेत पुटपुटली, "आला, आला तो."

चोमडीनं टॉर्च काढला. खाली काहीतरी हलतंय. कुणाला दिसत नाही. ती पोटावर झोपली, गाल कोमट फळीला टेकवला आणि उजेड फटीत सोडला.

खालून डोळे तिच्याकडे बघत होते.

एक नाही, दोन नाही. बारीक, चंदेरी, लुकलुकणारे शेकडो डोळे. मागून कुणीतरी पाऊल टाकलं, फळी दबली, आणि ते सगळे डोळे एकदम कूस बदलून एकमेकांत मिसळले.

तिच्या तोंडून किंकाळी निघणारच होती. पण तिच्या जागी एक आठवण आली. शाळेची प्रयोगशाळा. फुटलेला तापमापक. टेबलावर पळणारे चंदेरी थेंब, आणि एरवी शांत असणाऱ्या विज्ञानाच्या बाईंचा तो ओरडा.

तोच ओरडा आता चोमडीच्या घशातून फुटला.

"सगळे बाहेर! आत्ताच्या आत्ता! झाडू लावू नका, हात लावू नका! मास्तर, खिडक्यांच्या पट्ट्या फाडा!"

"अगं, माझं रेशीम!" मालकीणबाई किंचाळल्या.

"रेशीम धुता येईल, मावशी धुता येणार नाही!"

६

खालच्या अंगणात सगळे उभे राहिले. आजी पायरीवर, मावशी तिला धरून. आता शपथेला अर्थ नव्हता, म्हणून मास्तर जाऊन काकांना घेऊन आले.

"भूत नाही," चोमडी म्हणाली. तिचं तोंड नेहमीसारखं चालू होतं. "पारा आहे. यंत्रवाला पाऱ्याची यंत्रं दुरुस्त करायचा ना? वर्षानुवर्षं थेंब सांडले, फटींतून खाली गेले आणि तिथेच राहिले. पारा उडतो, पण दिसत नाही, वास येत नाही. तो श्वासातून आत गेला की हात थरथरतात, झोप उडते, हिरड्या सुजतात, माणूस लाजाळू आणि रडवा होतो. हे सगळं बाईंनी तेव्हा सांगितलं होतं, आणि मी फक्त वर्गाबाहेर जायला मिळालं म्हणून खूश होते."

"मग मला चार वर्षांत काही कसं झालं नाही?" मास्तर म्हणाले.

"तेव्हा फळ्या गार होत्या आणि खिडक्या उघड्या. सहा महिन्यांपूर्वी नेमकं त्या कोपऱ्यात इस्त्रीचं टेबल आलं. पारा तापला की जास्त उडतो. आणि त्याच सुमारास धूळ नको म्हणून आपण खिडक्यांना पट्ट्या लावल्या. आता बघा. आजी जमिनीवर, फटीवरच. ती सगळ्यात आजारी. मावशी कोपऱ्यात, धगीशी. तिचा दुसरा नंबर. मालकीणबाई बाहेरच्या खोलीत. आणि मास्तर उंच टेबलाशी, शिवाय तासाला वीस मिनिटं गच्चीवर." तिनं श्वास घेतला. "विडीपायी वाचलेला जगातला एकमेव माणूस. म्हणून ओढत राहायची असं नाही हां, मास्तर."

"आणि अक्षर?" मावशीनं हळूच विचारलं. "ते त्याचं कसं झालं?"

"अक्षर त्याचं नाही, अक्षर पाऱ्याचं. तोही तीच हवा घेत होता. तो वेडा नव्हता, मावशी. आजारी होता. आणि तो भिंतीवर खरं तेच लिहीत होता. फक्त त्याच्याकडे नाक खुपसणारं कुणी नव्हतं."

चोमडीनं सकाळीच मोज्यासकट दप्तरात टाकलेली मावशीची अंगठी मालकीणबाईंच्या अंगठीशेजारी कागदावर ठेवली. काकांनी दोन्ही अंगठ्या हातात न घेता, कागदावरच निरखल्या. मग मावशीकडे बघितलं. "सोनं पारा पिऊन पांढरं पडतं आणि जडही होतं, हे आमच्याकडे पहिल्या महिन्यात शिकवतात. एका शब्दानं विचारलं असतंस तर? मोज्यात लपवलीस?"

"तुम्हाला काही होईल असं वाटलं," मावशी म्हणाली आणि लहान मुलीसारखी रडली.

अंगणाच्या पार टोकाला, वाऱ्याकडे पाठ करून, सगळ्यांना लांब उभं करून काकांनी लांब चिमट्यात मालकीणबाईंची अंगठी धरली आणि ज्योत लावली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग पांढऱ्या कडेवर एक पिवळा ठिपका उमटला. तो पसरला. भूत निघून जावं तसा तो चंदेरी रंग कुणाला न दिसता हवेत गेला, आणि मागे मळकं, खरबरीत, पण सोनंच राहिलं.

काकांनी ती गार केली, आणि बशी नव्हती म्हणून मालकीणबाईंच्या पुढ्यातल्या पायरीवर ठेवली. शनिवारची संध्याकाळ व्हायला अजून तासभर होता.

मालकीणबाईंनी अंगठी उचलली नाही. त्या उठून मावशीपाशी गेल्या, तिचे थरथरणारे हात आपल्या हातांत घेतले. "मी याला चोरी म्हटलं," एवढंच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्याच मावशीला आणि आजीला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, आणि तपासणीचा कागद आला तेव्हा चोमडीला कुणी चोमडी म्हणायची हिंमत केली नाही. अर्थात, दोनच दिवस.

खोलीला कुलूप लागलं. तोंडाला मास्क बांधलेली माणसं आली, फळ्या उचलल्या, आणि खालून बरणीभर डोळे काढून घेऊन गेली. चोमडीला आत सोडेनात. म्हणून तिनं त्यांच्यातल्या एकाला पेन्सिल दिली आणि भिंतीवरच्या शेवटच्या ओळीखाली एक शब्द लिहून यायला सांगितला. त्यानं खांदे उडवले, पण लिहिलं.

दिसलं.

शिवणखोली दुसऱ्या इमारतीत गेली. तिथे खिडक्या उघड्या असतात, आणि रेशमावर धुळीसाठी चादरी. आजीच्या हिरड्या भरल्या. मावशीचं अक्षर मात्र हटवादी निघालं. महिन्याला एक नागमोड कमी, याहून जास्त घाई नाही. आवाज तर अजून खोल विहिरीतूनच यायचा. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. चोमडी रोज शाळेतून येताना नव्या जिन्याच्या सातव्या पायरीवर थांबायची आणि कान टवकारायची. खडखडाट. खोकला. बाकी काही नाही.

मग एका साध्यासुध्या मंगळवारी ती सातव्या पायरीवर पोचली, आणि वरून दणदणीत आवाज आला.

"मास्तर! ही बाही बेतलीय की उशीची खोळ? आणि ती चोमडी जिन्यात उभी राहून काय ऐकतेय? वर ये मुकाट्यानं, नाहीतर नाक कापून बटण लावीन तिथे!"

चोमडी मुकाट्यानं वर गेली नाही. उरलेल्या सगळ्या पायऱ्या तिनं ओरडत चढल्या.